व्यायामातून रक्तात येणारे रेणू हृदयाला इजेपासून खरंच वाचवतात का? कोणते, किती दिवस, आणि गोळीतून मिळतील का?

पुनर्वसन_फिजिओ

अँजिओप्लास्टी किंवा बायपासनंतर येणाऱ्या रुग्णांना व्यायाम ठरवून देताना हल्ली एक प्रश्न हमखास समोर येतो. व्यायाम केला की स्नायूंतून काही रेणू रक्तात उतरतात आणि ते हृदयाचं इजेपासून रक्षण करतात, असं वाचून मंडळी येतात. मग कुणी विचारतं, आयरिसिनची (अशाच एका रेणूची) रक्ततपासणी करून घेऊ का? कुणी जिममधून आणलेली ‘व्यायामाची गोळी’ पुढे करतं. ‘कोलेस्टेरॉल आणि बीपी सुधारतं’ एवढ्या उत्तरावर आता त्यांचं समाधान होत नाही, आणि होऊही नये.

जाणकारांना विचारायचं आहे ते असं. हे रक्षण रक्तातल्या रेणूंमुळे होतं याला थेट पुरावा काय आहे? ज्या रेणूंची नावं घेतली जातात त्यांतल्या कुणाची बाजू भक्कम आहे? रक्षण मिळायला किती दिवसांचा व्यायाम लागतो, आणि खंड पडला तर ते किती दिवसांत जातं? तपासण्या आणि गोळ्यांबद्दल रुग्णाला नेमकं काय सांगावं? प्राण्यांवरचं कोणतं आणि माणसांवरचं कोणतं हे वेगळं करून सांगितलंत तर फार बरं होईल.

लाल_पांढरं

इजा म्हणजे नेमकी कोणती, इथून सुरुवात करतो, कारण निम्मा गोंधळ तिथेच होतो.

हृदयाची धमनी बंद पडली की त्या भागातल्या पेशींना प्राणवायू मिळत नाही. एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, संपत जातं, लॅक्टिक आम्ल साठतं. आम्ल बाहेर टाकताना पेशी सोडियम आत घेते आणि पुढे ते सोडियम बाहेर काढायच्या बदल्यात कॅल्शियम आत येतं. इथवर झालं रक्त थांबल्याचं नुकसान. आता धमनी उघडली. प्राणवायू एकदम परत आला, साठलेलं आम्ल धुऊन गेलं, आणि नेमकं त्याच वेळी मायटोकॉन्ड्रियाच्या (पेशीतल्या ऊर्जाकेंद्राच्या) आतल्या पडद्यातलं एक मोठं छिद्र उघडतं. आम्लपणामुळेच ते तोवर बंद राहिलेलं असतं. त्यात कॅल्शियमचा भार असतो, शिवाय मुक्त मूलकांचा (पेशीला इजा करू शकणाऱ्या अस्थिर रेणूंचा) लोंढा येतो. हे सगळं रक्त परतल्यावर पहिल्या काही मिनिटांत घडतं. छिद्र उघडं राहिलं की ती मायटोकॉन्ड्रिया निकामी होते, आणि अशा पुरेशा निकामी झाल्या की पेशी मरते. म्हणजे ज्या रक्तानं वाचवायचं, त्याच्या परतण्यानंही काही स्नायू जातो.

१९८६ मध्ये ड्यूक विद्यापीठातल्या मरी, जेनिंग्ज आणि रायमर यांनी कुत्र्यांवर एक प्रयोग केला. हृदयाची एक धमनी ५ मिनिटं बंद, ५ मिनिटं उघडी, असं चार वेळा केलं आणि मग ती सलग ४० मिनिटं बंद ठेवली. आधी अशी ‘तयारी’ केलेल्या हृदयांत मेलेला भाग इतरांच्या जेमतेम पाव होता. त्याच प्रयोगातला दुसरा निष्कर्ष मात्र फारसा कुणी सांगत नाही. धमनी ३ तास बंद ठेवली तेव्हा तयारी केलेल्या आणि न केलेल्या हृदयांत फरक उरला नाही. म्हणजे या रक्षणानं मरण टळत नाही, लांबतं. वेळ वाढवून मिळतो. रुग्णाला हे स्पष्ट सांगायला हवं: रोज चालणाऱ्या माणसानंही छातीत दुखलं तर ‘मी तंदुरुस्त आहे’ म्हणून घरी बसायचं नाही. १०८ ला फोन करायचा. मिळालेली वाढीव मिनिटं रुग्णालय गाठण्यासाठी असतात, वाट पाहण्यात घालवण्यासाठी नसतात.

व्यायाम हीच तयारी रक्त न थांबवता करून देतो. उंदरांना रोज ६० मिनिटं असं तीन ते पाच दिवस ट्रेडमिलवर पळवलं तरी पुरतं. वजन घटायला किंवा कोलेस्टेरॉल बदलायला एवढे दिवस पुरत नाहीत. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच मिळतं, की हे रक्षण नेहमीच्या जोखीमघटकांच्या वाटेनं आलेलं नाही.

उरलेलं अर्धं उत्तर डेन्मार्कमधल्या आरहूस इथल्या गटानं २०१२ मध्ये दिलं. निरोगी पुरुषांकडून तीव्र व्यायामाच्या थोड्या वेळाच्या फेऱ्या करून घेतल्या आणि व्यायामाआधीचं व नंतरचं रक्त घेतलं. प्लाझ्मा १२ ते १४ किलोडाल्टनच्या पडद्यातून गाळला, म्हणजे मोठी प्रथिनं मागे राहिली आणि लहान रेणू पुढे गेले. हा गाळलेला द्रव शरीराबाहेर नळीवर जिवंत ठेवलेल्या सशाच्या हृदयात सोडला, मग त्या हृदयाचा रक्तपुरवठा थांबवून परत सुरू केला. व्यायामानंतरच्या द्रवानं मेलेला भाग कमी झाला. शरीराबाहेरच्या हृदयाला मज्जातंतू जोडलेले नसतात, त्यामुळे मेंदूकडून थेट काही आलं असं म्हणायला जागा नाही. जे आलं ते रक्तातूनच. ओपिऑइड ग्राहक अडवणारं नॅलॉक्सोन दिल्यावर हे रक्षण नाहीसं झालं (ग्राहक म्हणजे पेशीवरची रेणू चिकटण्याची जागा), त्यामुळे हृदयावरचे ओपिऑइड ग्राहक या साखळीत आहेत हेही कळलं. माणसाचं रक्त आणि सशाचं हृदय असा हा मिश्र पुरावा आहे, पण ‘रेणू रक्तातून जातात’ या मुद्द्यावर याहून थेट प्रयोग मला तरी दुसरा सांगता येणार नाही.

‘मेलेला भाग इतका कमी झाला’ हा आकडा कसा निघतो तेही सांगतो, कारण शोधनिबंध वाचताना चूक इथेच पकडता येते. प्रयोगाच्या शेवटी धमनी पुन्हा बांधून इव्हान्स ब्लू रंग सोडतात. जिथे रक्त पोचत होतं तो भाग निळा होतो, निळा न झालेला भाग धोक्यातला. मग हृदयाचे एक-दोन मिलिमीटरचे काप करून ते ३७ अंशांवर टीटीसी या रंगद्रव्याच्या द्रावणात ठेवतात. जिवंत पेशींतली विकरं (एन्झाइम) टीटीसीला विटकरी लाल करतात, मेलेला भाग फिकट पांढरा राहतो. पांढऱ्या भागाला धोक्यातल्या भागानं भागायचं. रक्त परतल्यानंतर पुरेसा वेळ थांबले नसतील तर मेलेल्या पेशींतली विकरं धुऊन गेलेली नसतात, तिथेही लाल रंग येतो आणि इजा आहे त्याहून लहान दिसते. शरीराचं तापमान दोन-तीन अंशांनी उतरलं तरी इजा लहान दिसते. ज्या निबंधात रक्त परतल्यानंतरचा कालावधी आणि तापमान दिलेलं नाही, त्यावर फार विसंबू नये.

आता दिवसांचा हिशेब. उंदरांमध्ये एकाच व्यायामानंतर रक्षणाच्या दोन लाटा दिसल्या आहेत. पहिली अर्ध्या तासात येऊन विरते, दुसरी साधारण दीड-दोन दिवसांनी येते. तीन दिवसांच्या व्यायामानंतर थांबवलेल्या उंदरांत रक्षण नवव्या दिवशीही टिकून होतं आणि अठराव्या दिवशी गेलेलं होतं. हा आकडा जसाच्या तसा माणसाला लावता येत नाही. पण दिशा साफ आहे: लवकर येतं, आणि दोन-तीन आठवडे सोडलं तर जातं. तीव्रतेबद्दलही एक उपयोगाची गोष्ट आहे. उंदरांत कमाल क्षमतेच्या ५५ टक्क्यांवरचा व्यायाम ७५ टक्क्यांवरच्या व्यायामाइतकाच रक्षक ठरला. दमछाक होईपर्यंत पळायची गरज नाही.

स्नायू_ते_हृदय

@लाल_पांढरं यांनी पाया घातलाच आहे, मी रेणूंकडे वळतो. आधी आवाका लक्षात घ्या. २०२० मध्ये स्टॅनफर्डच्या गटानं ३६ जणांना ट्रेडमिलवर व्यायाम करायला लावून आधी-नंतर रक्त तपासलं. मोजलेल्या १७,६६२ घटकांपैकी ९,८१५ बदलले. त्यामुळे ‘अमुक रेणू व्यायामानंतर वाढतो’ या वाक्याला स्वतःचं असं वजन काहीच नाही, अर्ध्याहून जास्त घटक बदलतातच. कसोटी वेगळी आहे. तो रेणू काढून टाकला किंवा अडवला तर व्यायामाचं रक्षण जातं का? आणि व्यायाम न करता नुसता रेणू दिला तर रक्षण मिळतं का? दोन्हींचं उत्तर ‘हो’ असलेले थोडेच.

पहिला मान इंटरल्यूकिन-६ या संदेशवाहक प्रथिनाचा. आकुंचन पावणारा पायाचा स्नायू तो स्वतः रक्तात सोडतो हे कोपनहेगनमध्ये पेडरसन यांच्या गटानं २००० साली दाखवलं. दीर्घ, दमदार व्यायामात त्याची पातळी शंभरपटीपर्यंत चढू शकते आणि काही तासांत उतरते. हा रेणूच नसलेल्या उंदरांत व्यायामानं मिळणारं रक्षण मिळत नाही, असं २०१५ मध्ये दिसलं. माणसातही एक धागा आहे. पोट सुटलेल्या लोकांना १२ आठवडे सायकलिंग दिलं आणि त्यातल्या काहींचा या रेणूचा ग्राहक टोसिलिझुमॅब या औषधानं अडवला. ज्यांचा ग्राहक अडवला त्यांची पोटातली आणि हृदयाभोवतीची चरबी व्यायाम करूनही घटली नाही.

पण सावधान, हाच रेणू हृदयविकाराच्या झटक्यानंतर दाह वाढवतो. नॉर्वेत १९९ रुग्णांच्या चाचणीत ज्यांना झटक्याच्या वेळी टोसिलिझुमॅबचा एकच डोस दिला त्यांच्यात वाचलेल्या स्नायूचं प्रमाण वाढलं. म्हणजे एकीकडे त्याला अडवल्यानं व्यायामाचा फायदा गेला आणि दुसरीकडे अडवल्यानंच हृदय वाचलं. विरोधाभास वाटतो, पण आहे तो वेळेचा फरक. व्यायामात तो एकटा येतो, टीएनएफ-अल्फा या दाहकारक रेणूला सोबत न आणता, आणि लगेच ओसरतो. आजारात तो दिवसेंदिवस चढलेला राहतो. त्यामुळे सकाळच्या रिकाम्या पोटी मोजलेलं इंटरल्यूकिन-६ जास्त आलं तर ते व्यायामाचं फळ समजू नये. त्याचा अर्थ बहुधा उलटा असतो.

दुसरा नंबर नायट्राइटचा. व्यायामात रक्ताचा वेग वाढला की धमनीच्या अस्तरातलं ईएनओएस हे विकर जागं होतं आणि नायट्रिक ऑक्साइड बनतं. तो वायू काही सेकंदांत नाहीसा होतो, पण त्याचा साठा नायट्राइटच्या रूपात रक्तात आणि हृदयात राहतो. प्राणवायू कमी पडला की त्यातून पुन्हा नायट्रिक ऑक्साइड सुटतं. साठा भरलेला आणि नेमका संकटात उघडणारा, ही रचना मला फार मोलाची वाटते. चार आठवडे चाकावर पळालेल्या उंदरांत हे दाखवलं गेलं आहे, आणि अ‍ॅड्रिनलिनला प्रतिसाद देणारा बीटा-३ ग्राहक नसलेल्या उंदरांत रक्षण दिसलं नाही. पळणं थांबवल्यावरही आठवडाभर ते टिकलं.

इथे तुमच्या कामाची एक गोष्ट. नायट्रेटचं नायट्राइट जिभेवरचे जिवाणू करतात. २३ निरोगी लोकांना ट्रेडमिलवर अर्धा तास पळवून नंतर क्लोरहेक्सिडीनच्या गुळण्या करायला दिल्या, तर व्यायामानंतर बीपी उतरतं ती उतरण बरीच कमी झाली. हा पुरावा बीपीचा आहे, हृदयाच्या रक्षणाचा नाही. तरी दाताच्या डॉक्टरांनी सांगितलेलं नसताना जिवाणूनाशक माउथवॉशनं रोज गुळण्या करण्याचं कारण नाही, एवढं सांगायला हरकत नसावी.

आयरिसिनची गोष्ट थोडक्यात. २०१२ साली ते गाजलं. मग लक्षात आलं की माणसात त्याच्या जनुकाचा आरंभसंकेत (प्रथिन बनवणं जिथून सुरू होतं ती खूण) नेहमीचा नाही, आणि बाजारातल्या तपासणी-संचांमधल्या अनेक प्रतिपिंडांना दुसरीच प्रथिनं चिकटतात. २०१५ मध्ये मास स्पेक्ट्रोमेट्रीनं (रेणू वजनावरून ओळखणाऱ्या तंत्रानं) मोजलं तेव्हा बैठ्या लोकांत मिलिलिटरला साधारण ३.६ नॅनोग्रॅम आणि व्यायाम केलेल्यांत ४.३ नॅनोग्रॅम आलं. रेणू आहे, वाढतोही, पण फरक लहान. संचागणिक आकडे इतके वेगळे येतात की एका रुग्णाच्या एका अहवालावरून काहीच ठरवता येत नाही. तपासणीचे पैसे वाचवा, असं निःशंकपणे सांगा.

एक्झोसोम मात्र गांभीर्यानं घेण्यासारखे आहेत. पेशी स्वतःच्या पडद्यात गुंडाळून या सूक्ष्म पिशव्या बाहेर सोडतात, त्यांत मायक्रो-आरएनए (जनुकांचं काम दाबणारे छोटे आरएनए) असतात. चार आठवडे पोहलेल्या उंदरांच्या एक्झोसोममध्ये मायक्रो-आरएनए ३४२-५पी वाढलेला आढळला, आणि नियमित सराव करणाऱ्या विद्यार्थी खेळाडूंच्या रक्तातही. तो पेशीच्या आत्मनाशाची यंत्रणा दाबतो. २०२२ मध्ये आणखी एक काम आलं, त्यात हृदय वाचवणारे एक्झोसोम स्नायूंतून नाही तर तपकिरी चरबीतून आलेले दिसले. १२,१३-डायहोम हा लिपिड रेणूही तिथलाच. मध्यम तीव्रतेच्या एका व्यायामानंतर तो माणसांत वाढतो, आणि उंदरांत तो हृदयाचं आकुंचन-प्रसरण सुधारतो. म्हणून ‘स्नायूंतून येणारे रेणू’ म्हणण्यापेक्षा ‘व्यायामात येणारे रेणू’ म्हणणं जास्त बरोबर.

औषधपेटी

गोळ्यांबद्दल मी लिहिते, कारण याबद्दल गप्प राहणं धोक्याचं आहे.

जिममध्ये ‘कार्डारिन’ नावानं फिरणारं द्रव्य म्हणजे जीडब्ल्यू-५०१५१६. ते स्नायूतल्या पीपीएआर-डेल्टा ग्राहकाला चालना देतं. उंदरांची पळण्याची क्षमता वाढते, हे खरं. पण दीर्घ चाचण्यांत प्राण्यांच्या अनेक अवयवांत गाठी आल्या म्हणून ग्लॅक्सोस्मिथक्लाइननं २००७ मध्ये त्याचं काम बंद केलं, आणि २०१३ मध्ये जागतिक उत्तेजकविरोधी संस्था वाडानं खेळाडूंना जाहीर इशारा दिला. हे कोणत्याही देशात मान्य औषध नाही. ‘स्टेनाबोलिक’ म्हणजे एसआर-९००९ ची स्थिती याहून बरी नाही. बाटलीवर ‘केवळ संशोधनासाठी’ असं बारीक अक्षरांत छापलेलं असतं, ते रुग्णाला बोट ठेवून दाखवा. स्टेंट असलेल्या माणसाच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. तो रक्ताची गुठळी रोखणारं क्लोपिडोग्रेल किंवा टिकाग्रेलॉर, शिवाय कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिन घेत असतो, आणि या बाटलीतल्या पदार्थाचा त्यांच्याशी काय संबंध येतो हे कुणी तपासलेलंच नसतं.

‘साधी जीवनसत्त्वं तरी घेऊ का’ हा पुढचा प्रश्न असतो. व्यायामात थोडी मुक्त मूलकं तयार होतात आणि तीच पेशीला स्वतःची संरक्षक विकरं वाढवायला भाग पाडतात. १९९९ च्या जपानी प्रयोगात व्यायामाच्या वेळी प्रतिऑक्सिडीकारक (अँटिऑक्सिडंट) दिलेल्या उंदरांत हे रक्षण आलंच नाही. माणसांत, २००९ मध्ये, रोज १,००० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व आणि ४०० युनिट ई जीवनसत्त्व घेणाऱ्या तरुणांत व्यायामानं इन्सुलिनचं काम सुधारतं ते सुधारलं नाही. आवळा, लिंबू, पेरू खा, त्यानं काही बिघडत नाही. कमतरता नसताना मोठ्या मात्रेच्या गोळ्या मात्र नकोत.

रेणू इंजेक्शननं द्यायची कल्पना चांगली असली तरी तिच्यातली खरी अडचण वेळेची आहे. झटका कधी येणार हे माहीत नसतं. रुग्ण अँजिओप्लास्टी करतात त्या कॅथलॅबमध्ये पोचेपर्यंत इजा सुरू होऊन गेलेली असते आणि धमनी उघडण्याच्या पहिल्या मिनिटांत औषध नेमक्या जागी हजर असावं लागतं. सायक्लोस्पोरिन हे वर सांगितलेलं छिद्र बंद ठेवतं. २००८ मध्ये ५८ रुग्णांत त्याचा फायदा दिसला. २०१५ मध्ये ९७० रुग्णांच्या चाचणीत काहीच फरक पडला नाही. व्यायाम करणाऱ्याच्या हृदयात मात्र बंदोबस्त आधीच झालेला असतो. मला विचाराल तर, रेणूंच्या शर्यतीत व्यायाम पुढे आहे तो याच कारणानं.

नवी_सभासद

मध्येच विचारते. हातावर बीपीचा पट्टा फुगवून रक्त थांबवायचं आणि सोडायचं, त्यानंही हेच रेणू सुटतात म्हणे. ज्यांना गुडघ्यांमुळे चालता येत नाही त्यांनी घरच्या यंत्रावर हे करावं का?

लाल_पांढरं

ताई, घरी करू नका. पद्धत अशी आहे की दंडावरचा पट्टा २०० मिमी पाऱ्यापर्यंत ५ मिनिटं फुगवायचा, ५ मिनिटं सोडायचा, असं चार वेळा. रेणू सुटतात हे खरं. पण २०१९ च्या मोठ्या चाचणीत, झटका येऊन अँजिओप्लास्टीला आलेल्या ५,४०१ रुग्णांत, वर्षभरानंतर हृदयविकारानं मृत्यू किंवा हृदय कमजोर होऊन दाखल होण्याचं प्रमाण पट्ट्यानं रक्त थांबवलेल्या आणि न थांबवलेल्या दोन्ही गटांत सारखंच होतं. शस्त्रक्रियेच्या रुग्णांवरच्या २०१५ च्या दोन मोठ्या चाचण्यांतही फायदा दिसला नव्हता. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर दंडावर काळंनिळं होतं ते वेगळंच. गुडघे दुखत असतील तर खुर्चीत बसून हातानं फिरवायचं सायकल-यंत्र, पाण्यातलं चालणं किंवा बैठी सायकल, हे पर्याय आहेत. हातांच्या व्यायामात त्याच श्रमाला नाडी आणि बीपी पायांपेक्षा जास्त चढतं, म्हणून सुरुवात कमी भारावर.

पुनर्वसन_फिजिओ

सगळ्यांचे मनापासून आभार. आता दोन अडचणी उरतात. एक, माणसांत झटका येण्याआधीच्या व्यायामानं झटका आल्यावर फायदा होतो असा पुरावा आहे का? दुसरी, मात्रा कशी ठरवावी? बहुतेक जण नाडी मंद करणाऱ्या मेटोप्रोलोलवर असतात, त्यामुळे वयावरून काढलेली नाडी कामाची नाही. आणि काहींना चालायला लागल्यावर पहिल्या पाच मिनिटांत छाती भरून येते, मग थांबून पुन्हा चालले की येत नाही.

चालता_बोलता

पहिल्याचं उत्तर आधी. युरोपातल्या दहा दीर्घ पाहण्या एकत्र करून २०२१ मध्ये २८,१४० झटका आलेल्या लोकांचा हिशेब मांडला गेला. त्यातले १७.७ टक्के २८ दिवसांत गेले. बैठ्या लोकांच्या तुलनेत मध्यम व्यायाम करणाऱ्यांत हा धोका ३३ टक्क्यांनी आणि भरपूर करणाऱ्यांत ४५ टक्क्यांनी कमी होता. ही निरीक्षणं आहेत. आधीच आजारी असलेली माणसं कमी चालतात, हा भाग त्यात मिसळलेला असणारच. पण प्राण्यांतल्या प्रयोगांशी दिशा जुळते. त्यांची मध्यम पातळी आठवड्याला १६ ते ३२ मेट-तास होती (१ मेट म्हणजे शांत बसल्यावर लागणारी ऊर्जा). झपझप चालणं म्हणजे साधारण ४ मेट. म्हणजे आठवड्याला चार तास, रोजचे ३५ मिनिटं धरले की त्या पातळीत पाय पडतो. नेहमी सांगितलेली १५० मिनिटं म्हणजे १० मेट-तास, ती सुरुवात म्हणून उत्तम, तिथेच थांबू नये.

पहिल्या फेरीत छाती भरून येणं आणि दुसऱ्या फेरीत न येणं, हे माणसातलं पूर्वतयारीचंच रूप आहे. टीएमटीत, म्हणजे ट्रेडमिलवरच्या ईसीजी चाचणीत, मोजता येतं: थोड्या विश्रांतीनंतर दुसरी चाचणी केली तर ईसीजीतला एसटी हा भाग (रक्त कमी पडलं की तो खाली जातो) उशिरा खाली जातो आणि कमी जातो. अठराव्या शतकात हेबर्डन या इंग्लिश वैद्यानं छातीच्या दुखण्याचं वर्णन लिहिताना रोज अर्धा तास लाकूड कापून जवळपास बरा झालेला एक रुग्ण नोंदवला आहे. पण तुमच्या रुग्णांच्या बाबतीत आधी ही तक्रार त्यांच्या डॉक्टरांना कळवा. स्टेंटनंतर दुखणं नव्यानं सुरू झालं असेल, कमी श्रमात येऊ लागलं असेल किंवा बसल्याजागी येत असेल, तर व्यायाम बंद आणि तपासणी आधी. जुनं, ठरावीक श्रमालाच येणारं आणि डॉक्टरांना माहीत असलेलं दुखणं असेल, तरच पुढचं वाचा.

सुरुवातीची १० मिनिटं खरोखर संथ ठेवा. बहुतेकांची चूक इथे होते: घरातून निघाल्या-निघाल्या चढावर पाय उचलतात, किंवा पहाटेच्या थंडीत तोंड न झाकता वेग धरतात. थंड हवेनं धमन्या आकसतात आणि तक्रार लवकर येते. जेवणानंतर दीड-दोन तास थांबा. टीएमटीत ज्या नाडीला एसटी खाली गेला त्याच्या १० ठोके खाली राहायचं, ही मर्यादा मेटोप्रोलोल चालू असतानाच्या चाचणीवरून घ्या. गोळी थांबवून केलेल्या टीएमटीचा आकडा चालत नाही. टीएमटी झालेलीच नसेल तर सुरुवातीला बसलेल्या नाडीपेक्षा २० ते ३० ठोक्यांच्या वर जाऊ देऊ नका. रोजच्या वापराला बोलण्याची कसोटी: पूर्ण वाक्य बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, तो वेग बरोबर. दोन शब्दांवर श्वास घ्यावा लागत असेल तर वेग जास्त झाला. श्रम किती वाटतात हे सांगणाऱ्या ६ ते २० च्या बोर्ग मापावर ११ ते १३.

मुख्य भाग २० मिनिटांपासून सुरू करून दर आठवड्याला ५ मिनिटं वाढवा. आधी वेळ वाढवायचा, मग वेग. शेवटची ५ ते १० मिनिटं पुन्हा संथ. एकदम थांबलं तर पायांत रक्त साठून बीपी पडतं आणि चक्कर येते, बीपीच्या दोन-तीन गोळ्या घेणाऱ्यांना तर हमखास. विश्रांतीतलं बीपी १८०/११० च्या वर असेल त्या दिवशी व्यायाम नको. तापातही नको.

सॉर्बिट्रेट (छातीत दुखल्यावर घ्यायची, धमन्या सैल करणारी गोळी) खिशात हवी. दुखलं तर आधी बसायचं, मग गोळी जिभेखाली. उभ्यानं घेतली तर माणूस पडतो. लैंगिक दुर्बलतेसाठीचं सिल्डेनाफिल घेतलं असेल तर २४ तास आणि टॅडालाफिल घेतलं असेल तर ४८ तास ती घ्यायची नाही. हा प्रश्न लाजेपोटी कुणी विचारत नाही, तुम्हीच विचारा. ५ मिनिटांत दुखणं गेलं नाही तर १०८.

पुनर्वसन_फिजिओ

एक शेवटचं. वारीला, लग्नकार्याला किंवा मुलांकडे परदेशी जाऊन महिनाभर खंड पडलेले रुग्ण परत येतात. त्यांना होते तिथून सुरू करू द्यायचं का?

लाल_पांढरं

वारीला चालत गेले असतील तर तो खंड नव्हेच, फक्त पायांचे फोड, पाण्याची कमतरता आणि गोळ्या चुकल्या का ते बघा. बाकीच्यांचं, माझ्या मते असं. आठवड्याच्या आतला खंड असेल तर होते तिथून. दोन आठवडे झाले असतील तर रक्षण ओसरायला लागलंय असं धरून वेळ एक तृतीयांशानं कमी करा आणि आठवड्यात परत आणा. तीन-चार आठवडे झाले असतील तर २० मिनिटांपासून, नव्यानं. ही विभागणी उंदरांतल्या नऊ आणि अठरा दिवसांवरून आणि क्षमता किती झपाट्यानं घसरते त्यावरून केलेली आहे, माणसांतल्या चाचणीतून आलेली नाही, तेवढं ध्यानात ठेवून वापरा.

चालता_बोलता

याला पुरवणी. परदेशी जाणाऱ्यांना निघण्याआधीच सांगून ठेवा की तिथे दर तिसऱ्या दिवशी अर्धा तास चाललं तरी चालेल, बर्फ असेल तर मॉलमध्ये किंवा घरातल्या जिन्यावर. जिना मात्र ४ मेटच्या बराच वर जातो, म्हणून एका वेळी एक मजला, वर पोचून पूर्ण वाक्य बोलता येतंय का बघायचं, मगच पुढचा. आणि परत आल्यावर पहिल्या दिवशी बीपी उभ्यानं आणि बसून दोन्ही मोजा. वजन आणि खाणं बदललेलं असतं, गोळ्यांची मात्रा तीच असते.